शेंडेसाहेबांचा बुद्ध

गेल्या महिन्यात करोल बागेतून एका गृहस्थांचा फोन आला. शेंडेसाहेबांच्या पासष्टीनिमित्त गौरवग्रंथ काढतोय, म्हणाले. तुम्ही त्यांच्या हाताखाली पाच वर्षं काम केलंय, तर दोन पानं लिहून द्या. "आठवणी जरा गोड असू द्या, मॅडम. बिल्कुल मनापासून."

मी हो म्हटलं आणि तीनदा लिहायला बसले. गोड काही निघेना. मनापासून जे निघालं ते हे. ग्रंथात ते छापणार नाहीत, आणि छापावं असा माझा आग्रहही नाही.

मनोहर शेंडे मूळचे भंडारा जिल्ह्यातले. शेंडे हे आडनाव आमच्याकडे चार-पाच जातींत सापडतं, आणि साहेबांची दिल्लीतली निम्मी नोकरी त्या आडनावाच्या आडोशाला गेली. कुणी विचारलं, "शेंडे यानी?" तर ते हसून म्हणायचे, "यानी शेंडे." बस. पुढे कुणी विचारत नसे. माझं आडनाव कांबळे. कांबळे आडनावाला दिल्लीतसुद्धा लपायला जागा नसते.

आमचं कार्यालय कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. काम बुद्धाचं. परदेशी शिष्टमंडळं यायची, प्रदर्शनं भरायची, पुस्तिका निघायच्या. पूर्वेकडच्या देशांशी संबंध नीट ठेवायचे तर बुद्ध कामाला येतो, आणि तो कसा कामाला आणायचा हे शेंडेसाहेबांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या कपाटात रेशमी उपरणी देशवार लावलेली असत. लडाखच्या लामांना पांढरं, थायलंडच्या भिक्खूंना द्यायचं झालं तर ते हातात नाही, तबकात. कुणापुढे किती वाकायचं, कुणाच्या बाईशी हस्तांदोलन करायचं नाही, कुणापुढे पाय दुमडून बसायचं, सगळं तोंडपाठ. साहेबांची पाठ देशाप्रमाणे वाकायची.

मी दिल्लीतल्या मुनिरक्यात एका खोलीत तिघींबरोबर राहत होते तेव्हाची गोष्ट. पाली घेऊन एम. ए. झाले होते आणि कंत्राटी संशोधन सहायकाची जागा निघाली होती. मुलाखतीला गेले, दारावर 'एम. जी. शेंडे' वाचलं आणि आत जाताच आनंदानं म्हणाले, "नमस्कार सर, मी नांदेडची." साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "यहाँ सब काम हिंदी-अंग्रेज़ी में होता है," ते म्हणाले, आणि माझी सगळी मुलाखत त्यांनी हिंदीत घेतली. पण माझ्या अर्जासोबत जोडलेल्या मराठी लेखातली ऱ्हस्व-दीर्घाची प्रत्येक चूक त्यांनी हिरव्या शाईनं सुधारून ठेवलेली होती.

ती हिरवी शाई मी नंतर पाच वर्षं पाहिली. मी मजकूर लिहायचा, त्यांनी तो 'सौम्य' करायचा. सौम्य हा त्यांचा आवडता शब्द. 'जात' खोडून 'समाजव्यवस्था'. 'विरोध' खोडून 'संवाद'. बुद्धानं यज्ञातली पशुहत्या नाकारली, असं मी लिहिलं तर तिथं 'बुद्धाने करुणेचा पुरस्कार केला'. 'धर्मांतर' या शब्दावर तर त्यांची लेखणी इतक्या जोरात फिरायची की मागचं पान फाटायचं. तिथं ते 'आध्यात्मिक प्रवास' लिहीत.

"सर, पण हे खोटं नाही," मी एकदा म्हटलं.

"झूठ कौन कह रहा है, मिस कांबळे? मैं बस इतना कह रहा हूँ, सौम्य रखिए. मेहमान खाने पर बैठे हैं और आप उन्हें शवविच्छेदन दिखा रही हैं."

मला त्यांचा राग यायचा. तो साधा नव्हता. माणूस अडाणी असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण शेंडेसाहेबांना सगळं येत होतं. ब्राह्मी लिपी ते आपण वर्तमानपत्र वाचावं तशी वाचायचे. पाली सूत्रं त्यांना माझ्यापेक्षा दहापट येत. नालंदा कशी चालायची, कोणत्या शतकात कोणता विहार ओस पडला, कोणत्या गावात बुद्धाच्या मूर्तीला शेंदूर फासून तिची देवी केली, हे सगळं त्यांना ठाऊक. आणि ठाऊक असूनच ते हे सगळं खोडायचे.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, नाहीतर मी त्यांच्यासारखीच होईन. साहेब रोज केबिनचं दार लावून एकटे जेवत. कार्यालयात ते स्वतःला शुद्ध शाकाहारी सांगत. "मैं तो प्याज़ भी कम खाता हूँ," असं एका संयुक्त सचिवांना सांगताना मी ऐकलं होतं. एका दुपारी तातडीची सही हवी म्हणून मी दार ढकललं. खोलीत सुकटीचा वास भरलेला. साहेबांच्या पुढ्यात ज्वारीची भाकरी आणि सुकटीची चटणी, बोटं माखलेली. ते घाबरले. अगदी पोरासारखे घाबरले.

"दार लाव वं आधी," ते म्हणाले. मराठीत. त्यांच्या भंडाऱ्याच्या मराठीत.

मी दार लावलं. त्यांनी डब्याच्या झाकणात थोडी चटणी आणि अर्धी भाकरी काढून माझ्यापुढे सरकवली. "खा. आईनं पाठवली गावाकून." मी उभ्याउभ्या खाल्ली. तिखटानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर ते हसले. एवढंच. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा 'मिस कांबळे' आणि हिंदी. त्या अर्ध्या भाकरीवर मी पुढे दोन वर्षं त्यांना माफ करत राहिले.

मग ते दगडाचं प्रकरण झालं.

दक्षिण दिल्लीत, वस्तीच्या मधोमध, सम्राट अशोकाचा एक शिलालेख आहे. मोठा खडक, वर सिमेंटचं छप्पर, भोवती लोखंडी जाळी. आजूबाजूला बाग, बागेत क्रिकेट. दिल्लीतल्या बहुतेकांना तो माहीत नाही. पूर्वेकडच्या एका देशाचं शिष्टमंडळ आलं होतं, आणि त्यांच्यातल्या ऐंशीच्या घरातल्या एका भिक्खूंनी तो पाहायचा हट्ट धरला. साहेब त्यांना घेऊन गेले. फाइल आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायला मी.

साहेबांनी बूट काढले. खडकापाशी वाकून ओळींवरून हवेत बोट फिरवत त्यांनी तो लेख वाचला, आधी मुळातून, मग इंग्रजीत अर्थ सांगत. राजा म्हणतो, अडीच वर्षं होऊन गेली, मी उपासक झालो आहे. पण सुरुवातीला मी काही फारशी खटपट केली नाही. मग मी संघाकडे गेलो, आणि तेव्हापासून मात्र झटून करतो आहे. वाचताना साहेबांचा आवाज कापत होता. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. क्रिकेट खेळणारी पोरंसुद्धा जाळीपाशी येऊन उभी राहिली.

म्हाताऱ्या भिक्खूंनी हात जोडले. मग दुभाष्याकरवी साधा प्रश्न विचारला. "राजानं दगडावर लिहून सांगितलं की मी उपासक आहे. तुमच्यापैकी उपासक कोण आहे?"

आमच्या बाजूचे सहा-सात जण उभे होतो. साहेबांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "भंते, भारतात प्रत्येक जण थोडाफार बौद्धच असतो," ते इंग्रजीत म्हणाले, आणि सगळे हसले.

दुभाषा ते सांगत होता आणि मला माझा स्वतःचा आवाज ऐकू आला. "मी आहे."

भिक्खू माझ्याकडे वळले. कधीपासून, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "माझ्या आजीपासून." तुझ्यासारखे किती आहेत? मी म्हटलं, "आमच्याकडे गावंच्या गावं आहेत, भंते." त्यांना ते माहीतच नव्हतं. बुद्धाच्या देशात बुद्धाचे लोक उरले नाहीत, असंच त्यांना आयुष्यभर सांगितलं गेलं होतं. ते माझ्याजवळ आले आणि माझ्या डोक्यावर हात न ठेवता, त्यांच्या नियमाप्रमाणे जरा दूरच थांबून, बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिले. त्यांचे डोळे भरले होते.

परतताना गाडीत साहेब पुढे बसले होते. मागे न वळता ते म्हणाले, "वो ऑफिशियल एंगेजमेंट था. आपने उसे पर्सनल कर दिया."

"सर, तुम्हीही..." मी म्हटलं.

"मैं क्या?" त्यांनी आता मान वळवली. मी पुढे बोलले नाही. चालक ऐकत होता, आणि मला अजूनही नोकरी हवी होती. त्या दिवशीची माझी हिंमत खडकापाशीच संपली होती.

त्यानंतर वर्षभरानं मोठं प्रदर्शन ठरलं. बुद्धाच्या जन्मापासून आजपर्यंत, चाळीस फलक. मजकूर माझा. अशोक झाला, लेणी झाली, चीन-जपानकडे गेलेले प्रवासी झाले. अडतिसाव्या फलकासाठी मी घरून एक फोटो मागवला. नागपुरात दीक्षा झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या आजोळच्या बायकांनी दीक्षा घेतली, तेव्हा तालुक्याच्या फोटोग्राफरनं काढलेला. पांढऱ्या लुगड्यांतल्या सात बायका, नदीकाठी. मधली माझी आजी, सोनाबाई. तिच्या हातात रिकामी टोपली. त्या टोपलीतून घरातले देव नेऊन तिनं नुकतेच पाण्यात सोडले होते. फोटोखाली मी आजीचेच शब्द लिहिले, ती आम्हाला सांगायची तसे: 'देव सोडून आले आणि रातभर जागी राहिले, आता काही तरी व्हईल म्हणून. सकाळी उठून पाहते तर काहीच झालं नव्हतं. त्या दिवसापासून मी कशालाच भ्याले नाही.'

हिरवी शाई घेऊन साहेब तो फलक वाचत बसले. मी समोर उभी. त्यांनी दोनदा वाचला. मग पेनचं टोपण लावलं.

"हे ठेवा," मराठीतच म्हणाले. एक अक्षरही खोडलं नाही.

मी घरी फोन केला. आई कधी दिल्लीला आली नव्हती. तिला म्हटलं, ये, तुझी आई दिल्लीत भिंतीवर लागणार आहे. ती रेल्वेनं एकटी आली. नवं पांढरं पातळ नेसून प्रदर्शनाच्या उद्घाटनाला आली, आणि पाहुण्यांची भाषणं संपेपर्यंत शेवटच्या रांगेत ताठ बसून राहिली.

मग आम्ही फलक पाहत निघालो. आईला वाचता येतं, पण सावकाश. प्रत्येक फलकापाशी ती थांबायची. छत्तीस, सदतीस. अडतिसाव्या फलकावर एक मोठं गुलाबी कमळ होतं. खाली लिहिलं होतं, 'आजचा बुद्ध : शांतीचा वैश्विक संदेश'.

आई कमळापुढे उभी राहिली. मग एकोणचाळिसावा पाहिला, चाळिसावा पाहिला, पुन्हा मागे आली. "तुझा नंबर चुकला का गं?" तिनं मला विचारलं. "कुठल्या भिंतीला लावलीय माझी आई?"

तेवढ्यात साहेब पाहुण्यांना घेऊन त्या बाजूला आले. आईनं त्यांना ओळखलं, मी फोनवर फोटो दाखवला होता. ती पुढे झाली. तिला वाटलं, साहेबांना ठाऊक असेल.

"साहेब, नमस्कार. अनिताची आई मी. तुम्ही नागपूरकडचे ना? मग तुम्ही आपलेच की."

साहेबांच्या बाजूला दोन परदेशी पाहुणे आणि एक मोठे अधिकारी होते. साहेब हसले. सगळ्या शिष्टमंडळांसाठी असतं तेच हसू. "माताजी," ते म्हणाले, "आप उधर चाय लीजिए. बहुत अच्छी चाय है."

आणि ते पुढे गेले.

आईनं चहा घेतला नाही. आम्ही शेजारच्या अतिथिगृहाच्या कँटीनमध्ये गेलो, तिथं तिनं अर्धी प्लेट पोहे खाल्ले. "आपल्याकडचा नसेल तो," ती म्हणाली. "आपल्याकडचा असता तर बोलला असता." मी मान हलवली. तिला खरं सांगितलं नाही. तेवढंच सौम्य मी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. पहिल्यांदाच मी त्यांच्याशी मराठीत आवाज चढवून बोलले. कुणी काढायला लावला? कुणाचा आदेश होता?

"कुणाचाच नव्हता," साहेब म्हणाले. तेही मराठीत बोलत होते. "कुणाला काही म्हणायची वेळच मी येऊ दिली नाही. तुला वाटतं ही खुर्ची पालीनं मिळते? मी नवा होतो तेव्हा एका बैठकीत वरिष्ठांचं एक वाक्य दुरुस्त केलं. आपल्या लोकांबद्दलचं होतं. माझ्या गोपनीय अहवालात एकच शब्द आला, 'सेन्सिटिव्ह'. सहा वर्षं बढती थांबली, एका शब्दानं. त्यानंतर मी कुणाला तो शब्द लिहायची संधी दिली नाही."

"मग 'हे ठेवा' का म्हणालात?"

ते खिडकीकडे वळले. "त्या वेळी ठेवावंसं वाटलं."

मला सगळं कळलं. ते काय बोलले ते कळलं, त्यांच्यावर काय गुदरलं तेही कळलं. आणि तरीही समोर बसलेला तो माणूस मला त्या क्षणी इतका नकोसा झाला, की आपण पाच वर्षं याच्या हाताखाली लिहिणं शिकलो याची किळस आली. मार्चमध्ये माझं कंत्राट संपलं, ते वाढवलं गेलं नाही. ते त्यांनी केलं की आपोआप झालं, मी विचारायला गेले नाही. नोएडाच्या एका प्रकाशनात अनुवादाचं काम मिळालं, ते आजही करते.

साहेब निवृत्त झाल्याचं कुणाकडून तरी कळलं. आणि मग दोन वर्षांपूर्वी करोल बागेतल्या एका सभागृहात आपल्या लोकांचा मेळावा होता, मैत्रिणीनं ओढून नेलं. मंचावर मधल्या खुर्चीत शेंडेसाहेब. गळ्यात निळं उपरणं. सूत्रसंचालकानं त्यांची ओळख 'समाजाचे निर्भीड विचारवंत' अशी करून दिली. कुठल्याशा पक्षाचं तिकीट मिळण्याची बोलणी चालू आहेत, अशी माझ्या मागच्या रांगेत कुजबुज होती.

साहेब मराठीत बोलले. मी त्यांना एवढं मराठी बोलताना कधीच ऐकलं नव्हतं, आणि ते उत्तम बोलले. "आपला इतिहास पुसला जातोय!" ते गरजले. "मी आत बसून पाहिलंय. एक एक शब्द कसा खोडला जातो ते मी या डोळ्यांनी पाहिलंय!" टाळ्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "माझी आजी," ते म्हणाले, "टोपलीत देव घेऊन नदीवर गेली. रात्रभर जागी राहिली. सकाळी उठून पाहते तर काहीच झालं नव्हतं..."

सभागृहात बायका डोळे पुसत होत्या. माझी मैत्रीणही. साहेबांनी स्वतःही रुमाल काढला.

कार्यक्रम संपल्यावर मी मंचाच्या पायऱ्यांपाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं, ओळखलं, उतरून आले. केस पूर्ण पांढरे झाले होते.

"ती माझी आजी होती," मी म्हटलं.

ते गडबडले नाहीत. "अनिता, माझी आजीसुद्धा गेली होती नदीवर," ते हळू म्हणाले. "तीच टोपली, तीच भीती. आमच्याकडे फोटोवाला आला नाही, एवढंच."

मला वाटतं ते खरं असावं. आणि खरं असावं असं वाटल्यानं माझा राग उलट वाढला. "मग माझी आई समोर उभी होती, तेव्हा हे का नाही सांगितलंत तिला? एवढं एक वाक्य. ती अजून विचारते, दिल्लीचे ते साहेब कोण होते म्हणून."

साहेबांनी तोंड उघडलं. ते काहीतरी सांगणार होते, असं मला आजही वाटतं. पण वरून कुणीतरी हाक मारली, "साहेब, ग्रुप फोटो!" आणि त्यांचे खांदे आपोआप सरळ झाले. उपरणं नीट करत ते पायऱ्या चढून गेले.

सगळे मंचावर दाटीवाटीनं उभे राहिले. साहेब मधोमध. तिथून त्यांनी हात उंच केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मराठीत मला बोलावलं, "या, या, कांबळे मॅडम! तुम्ही पण या!"

मी वळले आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीनं मेळाव्याच्या ग्रुपवर टाकलेला तो फोटो पाठवला. सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, एकटे साहेब मात्र दाराकडे बघताहेत, आणि त्यांचा उजवा हात तसाच वर राहिलेला आहे, तळवा उघडा. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'साहेबांचा आशीर्वाद'. त्यावर शंभरेक लोकांनी हात जोडले होते.